ठकीची झडप

मांजराला घरात यायला-जायला दाराला एक भोक लागतं. भोक आणि त्यावर एक झडप, की झालं काम. आमच्या ह्यांनी त्याला चोवीस दिवस लावले, आणि वर तोंड करून सगळ्या गल्लीला सांगितलं की प्रोजेक्ट वेळेत चाललाय.

हे म्हणजे उद्धवराव. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं टूल रूमला, डाय म्हणजे पत्र्याचे साचे बनवायला होते, शेवटची सहा सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. कंपनीनं शाल दिली, घड्याळ दिलं आणि हा माणूस मला परत दिला. तेव्हापासून रहाटणीतल्या आमच्या गुंठाभर जागेतल्या घरात कंपनी सुरू आहे, आणि तिथं कामगार मी एकटी.

मला मात्र घाई होती. दीपमाला, आमची एकुलती एक, नाशिकला असते. तिला पाचवा महिना संपत आला होता आणि डॉक्टरीणबाईंनी तिला सक्त ताकीद दिली होती, पलंगावरून उठायचं नाही, प्रवासाचं तर नावच नको. सासू नाही, जावई शिफ्टला. दिवसभर पोरगी एकटी. मागच्या खेपेला सातव्यातच सगळं संपलं. न्हाणीत पाय घसरला तेव्हा तिची हाक ऐकायलाही घरात कोणी नव्हतं. मी जाणार होते हो, बॅगसुद्धा भरली होती, पण आदल्या दिवशी ह्यांची शुगर चढली आणि मी राहिले. या वेळी सातवा लागायच्या आत मला नाशिक गाठायचं होतं. बाकी जगात काय चाललंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

तर हे म्हणाले, "जा की. मी कुठं नाही म्हणतोय? पण ठकीचं कोण बघणार?"

ठकी आमची मांजर. तिला दिवसातून वीस वेळा मागच्या बोळात जायचं असतं आणि वीस वेळा परत यायचं असतं. ती स्वयंपाकघराच्या दारावर नखं घासते, मी उठते, कडी काढते. ह्यांची खुर्ची त्या दारापासून चार पावलांवर. तिथून हे मला हाक मारतात, "सुमन, मांजर आलंय." मी गच्चीवर कपडे वाळत घालत असले तरी हाक मारतात. चार पावलं चालले तर सुपरवायझरपणाला बट्टा लागेल ना!

मी म्हटलं, बरं, मग दाराला मांजराची झडप बसवू. फोनवर शोधून दाखवलीही. पांढरी, चौकोनी, ढकलली की उघडते, सोडली की मिटते. दोन दिवसांत घरपोच. ह्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, एकदा पाहिलं आणि ओठ वाकडा केला.

"प्लास्टिक! एकतीस वर्षं डाय बनवल्यात मी. माझ्या घराच्या दाराला प्लास्टिक?"

दुसऱ्या दिवशी मालोजीराव आले. ते ह्यांच्याच कंपनीत क्वालिटीला होते, तेही रिटायर, काळेवाडीला राहतात. दोन रिकामटेकडे एका टेबलाला बसले आणि तिसरीनं चहा आणला की त्याला टीम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक फाईल आली. फाईलवर स्केचपेननं लिहिलं, "मांजर प्रवेशद्वार, रेव्हिजन शून्य." खाली सह्या. माझी सही कोणी मागितली नाही.

मालोजीरावांची एक खोड आहे. कुठल्याही गोष्टीला पाच वेळा "का" विचारायचं. कंपनीत शिकवतात म्हणे, पाच वेळा विचारलं की मूळ कारण सापडतं.

"वहिनी, मांजर बाहेर का जातं?"

"शी करायला."

"बाहेरच का?"

"घरात केली तर तुम्ही उचलणार आहात का, भावजी?"

तिथंच त्यांचे का संपले. मूळ कारण मला तर समोरच्या खुर्चीत पाय पसरून बसलेलं दिसत होतं, पण ते फाईलमध्ये कोण लिहिणार?

मग मांजराचं माप. मालोजीराव घरून व्हर्निअर घेऊन आले. केसाच्या जाडीपर्यंत मोजणारं ते हत्यार, आणि हे दोघं त्यानं ठकीचा पोटाचा घेर घेतायत! एकानं धरायचं, एकानं मोजायचं, आणि तीन वेळा मोजून सरासरी काढायची. तिसऱ्या मापाला ठकीनं मालोजीरावांच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. मी हळद लावली. ते म्हणाले, "पीस हलतोय, त्यामुळे रीडिंगमध्ये फरक येतोय." पीस! माझी ठकी पीस!

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण कंपनीत म्हणे एक गेज असतं. दोन भोकांची पट्टी. चांगला माल एका भोकातून जायला पाहिजे आणि दुसऱ्यातून अडायला पाहिजे. तर ह्यांनी प्लायवूडचं तसलं गेज मांजरासाठी बनवलं. त्यात चार दिवस गेले. मग हॉलमध्ये गेज उभं धरून पलीकडे सुकट ठेवली आणि ठकीला सोडलं. मोठ्या भोकातून ती गेली. लहान भोकात तिनं डोकं घातलं, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि डोकं बाहेर काढलं. दोघांनी उठून हात मिळवले. साठी ओलांडलेले दोन बाप्ये, मांजर मांजराएवढं आहे हे सिद्ध झालं म्हणून खूश!

त्या संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. कधी येतेस, असं ती विचारत नाही, तिचा तो स्वभावच नाही. म्हणाली, "आई, तू बाबांचं बघ. मी आहे बरी." तिच्या आवाजावरून ती किती बरी आहे ते मला कळलं. फोन ठेवून मी मोरीत तोंड धुऊन आले.

पहिली झडप स्टीलची. तळवड्याच्या एका शेडमधून पत्रा आणला, वाकवला, घासला, कडांना पॉलिश केलं, बिजागरीला बेअरिंग लावलं. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू. दाराला भोकही असं पाडलं की एक ढलपी उडाली नाही. ठकी आली, तिनं पंजानं झडप ढकलली. झडप हलेना. परत ढकलली. मग तिथंच बसली आणि नखं घासायला लागली, आता लाकडाऐवजी स्टीलवर, म्हणजे आवाज दुप्पट.

"सुमन, मांजर आलंय."

तरी बरं, झडप जड झालीय हे त्यांचं त्यांनाच कळलं. दुसरी ॲल्युमिनियमची. ती हलायची. पण मध्येच मालोजीरावांना आठवलं की शेजारचा बोका आत शिरेल. मग त्याला काय म्हणतात, पोका-योके. म्हणजे चूक होऊच शकणार नाही अशी मेख आधीच मारून ठेवायची. दोघांनी डोकं लावून आतून असा एक अडसर लावला की कुठलंही मांजर बाहेरून आत येऊ शकणार नाही.

कुठलंही मांजर म्हणजे कुठलंही. त्यात ठकीही आली ना! सकाळी ती ऐटीत झडपेतून बाहेर गेली. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी ती परत आली आणि बाहेरून टाहो फोडला. हे गुडघ्यावर बसून भोकाकडे बघतायत, मालोजीराव कंबरेवर हात ठेवून उभे.

"आऊटगोइंग ओके आहे," मालोजीराव म्हणाले. "आता फक्त इनकमिंग बघायचं."

माझं डोकंच फिरलं. "भावजी," मी म्हटलं, "माझी पोरगी तिकडं दिवस मोजतेय. तुम्हाला शरम नाही ती नाही, घाई तरी असू द्या." मालोजीराव ओशाळले. हे नाही ओशाळले. हे म्हणाले, "काम घाईत केलं की रिजेक्शन येतं."

चोविसाव्या दिवशी दोघं कुणा रिटायर झालेल्याच्या मुलाच्या लग्नाला गेले. मी आधीच ती प्लास्टिकची झडप मागवून पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. ह्यांचाच स्क्रू-ड्रायव्हर घेतला, ह्यांची ॲल्युमिनियमची कलाकृती काढली, चार स्क्रू पिळले, फटीत जुनं फोम कोंबलं. तासभर लागला, त्यातही मध्ये मी भात लावला. ठकीला सुकट दाखवली, झडप बोटानं दोनदा उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती आपली आपण जात होती, आपली आपण येत होती. एकतीस वर्षांचा अनुभव नसतानाही तिला जमलं.

ह्यांनी झडपेभोवती फेऱ्या मारल्या. "ही ट्रायल समजायची," म्हणाले. "फायनल नाही."

मी गुरुवारचं एसटीचं रिझर्व्हेशन केलं आणि बॅग भरली. बुधवारी दुपारी ठकी बाहेर ओरडायला लागली. आत येईना. मी दार उघडलं, तिला उचलून हॉलमध्ये सोडलं, मग येऊन झडप बोटानं ढकलून बघितली, तर चांगली हलतेय. "बघ तुझं प्लास्टिक," हे म्हणाले. "मध्येच येणारा फॉल्ट आहे हा. सगळ्यात वाईट. आज चालेल, उद्या अडेल, आणि मग मुकं जनावर उपाशी राहील." मी गुरुवार रद्द केला. शनिवारचं केलं. शुक्रवारी परत तेच. मी शनिवारही रद्द केला, आणि रविवारी दीपमालाला पोटात दुखलं म्हणून जावयांनी दवाखान्यात नेऊन आणलं. थोडक्यात निभावलं, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवारी जेवणं झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत आडवी झाले. डोळा लागेना. स्वयंपाकघराचं दार तिथून सरळ दिसतं. ठकी बोळात गेल्याचा आवाज आला, झडप मिटली. आणि हे उठले. जे खुर्चीतून चार पावलं चालत नाहीत ते अनवाणी, टाचा उचलून चालत दारापाशी गेले, वाकले, आणि झडपेच्या खालची बारकी लाल खटकी बोटानं आडवी सरकवली. तिनं झडप कुलूपबंद होते. मग खुर्चीत येऊन बसले, पेपर उघडला आणि वाट बघायला लागले.

ठकी आली. डोकं आपटलं. ओरडली.

"सुमन," हे म्हणाले, "परत अडलं बघ."

मी उठून मधल्या दारात उभी होते. त्यांनी मान वळवली आणि मला बघितलं. पेपर हळूहळू खाली आला.

"चेक करत होतो," ते म्हणाले.

मी वाकून खटकी सरकवली. ठकी आत आली आणि आम्हा दोघांच्या मधून निघून गेली.

"मला एकट्यानं जमायचं नाही, सुमन," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "घर खायला उठतं. आणि भाजीला मीठ किती, गॅस कसा... तू सांगत पण नाहीस."

अशा वेळी बाईला दया येते म्हणतात. मला नाही आली. मला किळस आली. तोंडानं म्हणाले असते की मला भीती वाटते, थांब, तर भांडले असते, रडले असते, पण माणूस म्हणून तरी ऐकलं असतं. या पुरुषानं मांजर पुढं केलं. मुक्या जनावराला उन्हात दाराबाहेर ओरडत ठेवलं आणि तिकडं पोटच्या पोरीला.

"कुकरला दोन शिट्ट्या," मी म्हटलं. "मीठ चवीपुरतं."

भरलेली बॅग उचलली, साडीही बदलली नाही. नाशिक फाट्याला पहिली जी गाडी आली तीत चढले. खिडकीही मिळाली नाही, मधली सीट. चाकणला नेहमीसारखी कोंडी होती. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती तेवढ्यात दीपमालाचा फोन आला. ती रडत होती.

"आई, बाबांचा फोन होता. शुगर तीनशे साठ झालीय. आत्ता मशीनवर बघितली म्हणाले, हात थरथरतायत म्हणाले. आई, तू परत फिर. मी आहे बरी."

उतरायलाच निघाले होते मी. बाजूच्या बाईला "जरा सरका" म्हणून बॅग मांडीवर ओढली, आणि चेनच्या कप्प्यात काहीतरी टणक हाताला लागलं. आमच्या घरचं शुगरचं मशीन. दीपमालाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला घरच्या घरी शुगर बघायला सांगितली होती, म्हणून गेल्या बुधवारपासून ते माझ्या बॅगेत होतं. घरात दुसरं मशीन नाही.

मी परत बसले.

मागच्या खेपेलाही तीनशे साठच होती. तेव्हा आकडा मी बघितला नव्हता. ह्यांनी खुर्चीतून सांगितला आणि मी भरलेली बॅग परत कपाटावर चढवली.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तू पडून राहा. मी साडेसातपर्यंत पोचते."

"अगं पण बाबा..."

"बाबांना काही झालेलं नाही," मी म्हणाले. तेव्हाही झालं नव्हतं, हे ओठांवर आलं होतं. पण सहाव्या महिन्यातल्या पोरीला फोनवर सांगायची ती गोष्ट नव्हती, म्हणून मी गिळली.