निळ्या दिव्याचं बटण

मी पॅनल बोलतोय. भिंतीला ठोकतात ते नव्हे हो, सर्व्हर सांभाळायचं पॅनल! अजून नाही कळलं? बरं, पायरी पायरीनं सांगतो. नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत दोन लोखंडी पेट्या दिवसभर घुंघुं करत बसतात. सगळे नकाशे त्यांच्या पोटात. तेच सर्व्हर. त्यांना चालू करा, बंद करा, रुसले तर उठवा, हे सगळं खुर्चीवरून न हलता करता यावं म्हणून ब्राउझरमध्ये जे पान उघडतं ना, ते पान म्हणजे मी. आळशांचा भक्कम आधार!

माझं शिक्षण बटणांपुरतं. खोड्या मात्र न शिकता आल्या. कुणी ऐटीत ‘बंद’ दाबलं, की मी हळूच विचारतो, ‘नक्की?’ भल्याभल्या साहेबांचं बोट मागं येतं. मग ते इकडंतिकडं बघतात आणि हाक मारतात, “काका, जरा या हो!”

मला बसवलं ते या काकांनी. हाताखाली त्यांची सख्खी पुतणी होती. सगळं कार्यालय त्यांना काका म्हणे, म्हणून ती फणकारायची, “खरी पुतणी मी! बाकीचे सगळे फुकटे.”

एकदा एक पेटी बिघडली. काका तरातरा आत गेले आणि झोकात तार उपटली. चांगल्या पेटीची! सगळ्यांचे नकाशे एका क्षणात गुल. साहेब डोक्याला हात लावून म्हणाले, “काका, रोगी सोडून डॉक्टरचाच गळा आवळलात की!”

त्या दिवसापासून काकांनी नेम केला. आत जाण्याआधी माझं ‘ओळख’ बटण दाबायचं. ज्या पेटीसाठी दाबू तिच्या कपाळावर निळा दिवा लुकलुकतो. बाकी काही होत नाही. “आधी ओळख, मग हात,” असं ते पुतणीला दिवसातून दहादा बजावायचे.

पुतणीला माझं वावडं. ती काळ्या पडद्यावर खटाखट कमांड लिहिणारी. काका निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या वेळी म्हणाले, “माझ्या पॅनलकडं बघत जा गं.” ती खिदळली, “काका, पॅनल लागतं ज्यांच्या डोक्यात कमांड राहत नाही त्यांना!” हशा पिकला. काकाही हसले. घरी गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. फोनसुद्धा नाही. ती अधूनमधून फोन हातात घ्यायची आणि पालथा ठेवायची. एका घरातली माणसं, ताठा सारखा वाटून घेतलेला!

पण काका माझ्याकडं यायचे बरं का. रोज दुपारी चारला, घरून. आमच्यात सगळ्यांना मिळून एकच खातं होतं, त्यामुळं कुणाला पत्ता नाही. दोन्ही हिरवे दिवे बघायचे, पेट्यांना ताप नाही ना ते वाचायचे. दाबायचे काहीच नाहीत. दहा-अकरा मिनिटं नुसते बसून जायचे. तेवढ्यासाठी मी उरलेला दिवस ढकलायचो.

मग एके दिवशी पुतणीनं माझी नोंदवही चाळली. “रोज चारला कोण घुसतंय? चोर!” तिनं पासवर्डच बदलला.

दुसऱ्या दिवशी चारला काका आले. जुना पासवर्ड टाकला. माझ्याच तोंडानं मला म्हणावं लागलं, ‘चुकीचा पासवर्ड.’ तीनदा म्हणालो. चौथ्यांदा चुकलं की मी दिवसभर दार लावून घेतो. हा नियम काकांनीच मला शिकवलेला, म्हणून ते तीनवर थांबले. रोज यायचे, तीनदा दार वाजवायचे, जायचे. आठ दिवस. मला वाटायचं, फुटून जावं.

नवव्या दिवशी पुतणी नोंदी वाचून हसली, “चोर भलताच शिस्तीचा आहे! तीनच्या पुढं जात नाही.” आणि मग तिचं हसू थांबलं. तो नियम काका आणि ती, दोघांनाच ठाऊक होता.

तिनं कार्यालयातल्या सगळ्यांसाठी वेगळं खातं काढलं आणि जुन्या खात्याला जुना पासवर्ड परत दिला. निवृत्त माणसाच्या हातात ‘बंद’ देता येत नाही, म्हणून त्या खात्यातली सगळी बटणं करडी केली, दाबली तरी दबू नयेत अशी. एक सोडून.

चारला दार उघडलं. काका थबकले. माऊसचा बाण कितीतरी वेळ ‘ओळख’वर घुटमळला. शेवटी दाबलं. ‘नक्की?’ जिभेवर आलेलं, पण गिळलं मी! मागच्या खोलीत निळा दिवा लुकलुकला. पुतणीनं खुर्ची त्या खोलीच्या दाराशी आणून ठेवली होती. “आले,” ती म्हणाली, आणि नाक पुसत बसली.

आता हे रोजचं झालंय. तिकडं काकांना वाटतं, रिकाम्या खोलीत एक दिवा लागतो. इकडं ही दिवा विझेपर्यंत नजर हलवत नाही. फोन मात्र कुणीच करत नाही. मधे मी, आणि मला धड दोनच गोष्टी बोलता येतात. ‘नक्की?’ आणि ‘चुकीचा पासवर्ड.’

तुम्ही शिकलेली माणसं. मला तिसरं एक वाक्य शिकवा ना. ‘काका, ती बघतेय.’