रक्तातली लेणी

वास्तुकलेच्या इतिहासाच्या एम.ए.ला प्रबंधाचा विषय मंजूर करून घ्यायचा तो शेवटचा दिवस. आज नाही झाला तर वर्ष बुडालं, आणि सासूबाईंनी माझ्या लेकीला, पिल्लूला, सांभाळायचं कबूल केलं होतं ते याच वर्षापुरतं. पिल्लू तिकडे घाटकोपरला तापलेली, मी इकडे अंधेरीच्या कॉलेजात. मोबाइल उलटा ठेवलेला, पण कान त्याच्याकडेच.

माझा विषय होता मढ बेटावरचे बंगले. मालिकांच्या शूटिंगला भाड्याने जाऊन जाऊन त्यांचं रूप कसं बदलत गेलं, ते. एक बंगला मी हवेली म्हणून पाहिला होता. नंतर गेले तर तो कोल्हापूरच्या पाटलाचा वाडा झालेला. सगळं पुढून हं. मागे मूळ मालकाची लाकडी बाल्कनी आणि वाळत घातलेली सुकट.

पण आमचे गाईड श्यामसुंदर सर. त्यांनी हजेरी घेतानाच माझा विषय ठरवून टाकला होता. "संघमित्रा? मग कान्हेरीच कर! लेणी तुझ्या रक्तातच आहेत."

माझ्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे बाळंतपणात कळलं होतं. लेण्यांचं डॉक्टर काही बोलले नव्हते.

माझ्या वर्गातल्या दिशाने गोरेगावचे स्टुडिओ घेतले. तिचे आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. तिला कुणी म्हणालं नाही, की बाई, गिरणी तुझ्या रक्तात आहे.

त्या दिवशी मी बंगल्यांचे फोटो दाखवले. सरांनी चष्मा काढला.

"छान आहेत. पण यात तू कुठेयस? कान्हेरीत तुझ्या माणसांचा श्वास आहे गं."

"सर, तुमचा प्रबंध कशावर होता?"

"फ्लॉरेन्सची चर्चेस," सर खुलले.

"तिकडे तुमचं कोण राहायचं?"

दिशा फिस्सकन हसली. सरांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. वाट लागली, वर्ष गेलं, आता सासूबाईंना काय सांगू!

तेवढ्यात सरांच्या शेजारी बसलेल्या, आमच्याच विभागातल्या अनुपमा मॅडम म्हणाल्या, "विषय चांगला आहे, सर. तुम्हाला नको असेल तर मी गाईड होते." सरांनी 'तुमची मर्जी' म्हणत सही केली.

बाहेर येताच मी घरी फोन लावला. ताप उतरला होता. मॅडम मागून आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"झकास बोललीस! आता एकच कर. त्या बंगल्यांत कुठे बुद्ध दिसतो का बघ. म्हणजे कसं, तुझा स्वतःचा धागा येईल."

"दिसतो ना मॅडम. मालिकेच्या सेटवर. बाथरूमच्या दाराशी, मनी प्लँटच्या बाजूला."

"अगं, मग पहिलं प्रकरण तेच!" मॅडम म्हणाल्या, आणि लगेच लिहून घेऊ लागल्या.