खबरदार, परत आलात तर!

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी लोखंडी खाट आहे. आणि आधीच सांगते, मला तुमची कीव नको.

नवी होते तेव्हा माझा काय थाट होता! पायथ्याशी दांडा, तो फिरवला की उशाकडची बाजू वर. त्या काळी मीच औषध. कंबर धरली? पडून राहा. हार्ट अटॅक आला? आठवडेच्या आठवडे पडून राहा. ऑपरेशन झालं? हलूसुद्धा नका. मी फुशारून जायचे. पण पाठीला जखमा पडलेली, पायातलं बळ गेलेली माणसंही मीच पाहिलीत. त्याचा दोष मला कुणी दिला नाही. मी मात्र विसरले नाही.

आता डॉक्टर बदललेत. कंबरदुखीला म्हणतात, झेपेल तेवढं चाला. अटॅकवाल्याला जरा सावरला की व्हरांड्यात फिरवतात. न्यूमोनियावाल्याला खुर्चीत बसवतात.

मागच्या महिन्यात एक शिलाईवाल्या मावशी आल्या. खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओताई वॉकर घेऊन हजर. मुलगा आडवा आला.

"अहो, कालच टाके घातलेत! पडली म्हणजे?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय. टाके आईंना, घाम तुम्हाला! मावशी, पायमशीन चालवायचंय ना परत?"

"चालवायचंय की. पण हा उठू देईल तर ना!"

"आई, तू गप पड. मी आहे ना सगळं करायला."

मला सपाट करायला त्याने दांडा धरला. प्रेमानेच हो! पण असंच पडून पडून पाय गेलेले मी किती पाहिले होते. मी हट्टाला पेटले. गंजलेला दांडा जागचा हलेना. त्याने जोर लावला, लाथ घातली. मी करकरले, पण खाली गेले नाही.

"भंगार आहे नुसतं!"

"असू दे भंगार," मावशी म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा शहाणी आहे. धर मला."

एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला तो. एक पाऊल. "आई गं!" दुसरं. तिसऱ्याला मावशी शिव्या देत होत्या आणि मुलगा रडत होता.

आता मला भंगारात काढायचं ठरलंय. काढा! तेलपाणी करून मला वाचवू नका. मित्रांनो, काळजी घ्यायचीच तर तुमच्या पायांची घ्या. डॉक्टर उठा म्हणाले की उठा, माझ्या गादीला भुलू नका.

त्या तीन पावलांनंतर आठवड्याने मावशी वॉकर टेकत घरी निघाल्या. मुलगा पिशवी घेऊन मागे. दारात वळून मला म्हणाल्या, "येते गं."

खबरदार, परत आलात तर!