जिन्याखालचे उमेदवार

रोह्यातल्या एका सरकारी कार्यालयात दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या दोन जागा तीन वर्षं रिकाम्या होत्या. दरवर्षी कागदपत्रं तपासायचा दिवस ठरे आणि हेडक्लार्क गुणाजी भाऊसाहेब वळणदार अक्षरात शेरा मारत, ‘उमेदवार गैरहजर’. भाऊसाहेब वाईट नव्हते. कुणाचा चहासुद्धा ते घेत नसत. फक्त, कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मग ज्याचे पाय चालत नाहीत तो वर येणार कसा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आपल्यापैकी तरी किती जणांना पडतो?

यंदा वरसे गावची अरीबा आली. लहानपणापासून तिच्या पायांत बळ नव्हतं, पण लेखी परीक्षेत ती पहिली होती. सकाळी दहालाच तिने आपली तीनचाकी स्कूटर जिन्याशी लावली आणि वर फोन केला.

“सर, मी अरीबा. खाली हजर आहे.”

“मग या की वर.”

“बावीस पायऱ्या हायत. तुम्हीच खाली या.”

“तपासणी वरच होते. पाचपर्यंत वेळ आहे, सावकाश या.”

“सावकाश आले तरी पाय हेच हायत, सर.”

भाऊसाहेबांना दया आली. त्यांनी दोन शिपाई खुर्ची घेऊन पाठवले, तिला उचलून आणायला.

“आज न्याल,” अरीबा म्हणाली, “पण नोकरी लागल्यावर रोज उचलाल? सकाळी वर, संध्याकाळी खाली?”

शिपाई साईराजच्या कमरेला आधीच पट्टा होता. तो तडक वर गेला. “भाऊसाहेब, तिचं बरोबर हाय.”

शेवटी भाऊसाहेब स्वतः समजूत घालायला उतरले. “तुमच्याविषयी आम्हाला सहानुभूती आहे, पण...”

“सहानुभूती नको, सर. गेल्या वर्षी पेणचा नितेश कुबड्या घेऊन दिवसभर इथेच बसला होता. वर तुम्ही त्याला गैरहजर लिहिलंत.”

भाऊसाहेबांना तो मुलगा आठवला. घरी जाताना त्यांनीच त्याला सांगितलं होतं, ‘जिन्यात बसू नका, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडथळा होतो.’ ते तसेच वर गेले आणि अधिकारी नूतन मॅडमना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“मग आपणच खाली जाऊ,” मॅडम म्हणाल्या.

आधी टेबल निघालं आणि जिन्याच्या वळणावर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. फायली, शिक्के आणि नूतन मॅडमसकट सगळी तपासणी समिती टेबलामागे कोंडली गेली. अर्धा तास झाला तेव्हा खालून अरीबाने विचारलं, “मॅडम, तुम्हाला हजर धरू ना?”

मॅडमना हसू आवरेना. साईराजने टेबलाचा पाय काढला तेव्हा कुठे समिती सुटली. खाली व्हरांड्यात तपासणीला मात्र दहाच मिनिटं लागली.

ते उठणार, इतक्यात निडीच्या धोंडुबाई गुडघे धरत समोर येऊन बसल्या. आठ महिने त्यांचा अर्ज एका अंगठ्यासाठी वर अडकला होता.

“भाऊसाहेब, हा जिना या पोरीलाच नडतो व्हय? मलाबी नडतो. मी कधी बोलले नाय, एवढंच.”

त्यांच्यामागे रांग लागली. एक बाळंतीण, एक पाय मोडलेला रिक्षावाला, काठी टेकणारे दोन म्हातारे. पाच वाजेपर्यंत बाहेर व्हरांड्यातच कचेरी चालली.

सगळे गेल्यावर भाऊसाहेबांनी नितेशची जुनी फाइल काढली आणि लिहिलं, ‘उमेदवार खाली हजर होता. त्याच्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. चूक माझी आहे.’ खाली सही केली.

वरिष्ठांकडे अहवाल गेला. तळमजल्यावरची भंगाराची खोली रिकामी झाली, दाराशी उतार बांधला गेला. अरीबा आता तिथे अर्ज घेते आणि एकाही कागदावर खाडाखोड चालू देत नाही. भाऊसाहेबांचीही नाही. दुसऱ्या जागेसाठी नितेशची रीतसर तपासणी झाली. तो पेणहून रोज येतो, आणि भाऊसाहेबांशी पहिला महिनाभर तो कामापुरतंच बोलला. तेही योग्यच होतं.

मंडळी, राखीव जागा म्हणजे कुणावर केलेले उपकार नव्हेत, तो हक्क आहे. जाहिरात काढली म्हणजे तो देऊन झाला असं होत नाही. माणूस दारापर्यंत येतो, पुढचं दार आपण उघडायचं असतं. आणि एकासाठी उघडलेल्या दारातून किती जण आत येतात, ते एकदा उघडून बघाच.