ड्युटीची खिडकी

पैलवान माझ्या खिडकीसमोरून गेला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वर-खाली लागली होती. सकाळचे साडेपाच वाजले होते. अंगानं काडी म्हणूनच डेपोत त्याला सगळे पैलवान म्हणत. पण गबाळा तो कधीच नव्हता.

मी बसडेपोचा टाइमकीपर. सगळे मला मास्तर म्हणतात. अठ्ठावीस वर्षं या खिडकीतून मी ड्रायव्हरांच्या हातात ड्युटीची चिठ्ठी दिली आणि देताना एकच विचारलं, "झोप झाली का?" उत्तराला कोण विचारतो! मी डोळे बघायचो, आवाज ऐकायचो. माणूस ठीक वाटला नाही, तर त्याला दिवसभर वर्कशॉपमध्ये बसवून राखीव ड्रायव्हर पाठवायचो. साहेबही कानाडोळा करत.

गेल्या वर्षीपासून ड्युट्या फोनवर यायला लागल्या. दारातल्या यंत्राला चेहरा दाखवायचा, नळीत फुंकायचं, हिरवा दिवा लागला की गाडी काढायची. फोनवर 'नाही' दाबलं की गुण कापले जात. तीनदा कापले की घरी. मी एकदा सवयीनं एकाला थांबवलं, तर गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली. नव्या मॅनेजरनं बोलावून घेतलं.

"मास्तर, आता माणसं नका बघू. घड्याळ बघा."

माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती. विकतचं दुखणं कशाला घ्या, म्हणून मी घड्याळ बघायला लागलो.

पैलवानाची बायको आठ दिवस दवाखान्यात होती आणि हा रात्रभर तिच्या उशाशी बसत होता, हे मला ठाऊक होतं. यंत्राचा दिवा हिरवा लागला. गाडीकडे जाताना पैलवान थांबला, वळून त्यानं खिडकीकडे बघितलं. मी मान खाली घातली.

दोन तासांनी त्याला डुलकी लागली आणि गाडी झाडावर गेली. सहा जण जखमी झाले. मागच्या सीटवरचे एक आजोबा तिसऱ्या दिवशी गेले.

चौकशीत मी उभा राहिलो. "तो गाडी चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. मला दिसलं होतं."

"यंत्रानं तर ठीक म्हटलंय," चौकशीच्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला दिसलं ते मी कुठं भरू?"

"माझ्या नावावर भरा."

त्यांनी काही भरलं नाही. यंत्र बरोबर, म्हणजे माणूस चुकला. पैलवानाला काढून टाकलं.

ओळखपत्र जमा करायला तो खिडकीशी आला. बायको घरी आली म्हणाला, आता हिंडते-फिरते. मग जरा घुटमळला.

"मास्तर, त्या दिवशी हाक का नाही मारलीत? मला वाटलं, माराल. म्हणून तर थांबलो होतो."

"घाबरलो रे."

रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली.

"मीपण," तो म्हणाला.

त्यानं ओळखपत्र खिडकीतून आत सरकवलं. मग त्यानं विचारलं, "आमच्या बाजूला आता कितीची गाडी आहे?"

त्याच मार्गावर बावीस वर्षं त्यानं गाडी चालवली होती.

"साडेदहाची," मी सांगितलं.

"बरं," म्हणत तो बाहेर गेला आणि प्रवाशांच्या रांगेत शेवटी उभा राहिला.