तटावरून दाखवलेलं घर

बसमधले सगळे त्यांना मास्तर म्हणत. फार वर्षांपूर्वी त्यांनी दोन वर्षं एका शाळेत इतिहास शिकवला होता, तेवढ्यावर हे नाव त्यांना चिकटलं ते कायमचं. शाळा सुटली, आवाज राहिला. माईक बंद पडला तरी मागच्या सीटवरची डुलकी मोडेल असा खणखणीत आवाज. त्या आवाजाच्या जोरावर गेली सव्वीस वर्षं ते माणसं फिरवत होते. आठ दिवस, तीन जुनी शहरं, दोन थंड हवेची ठिकाणं. सातला नाश्ता, साडेसातला बस.

पहिल्या दोन दिवसांत ते माणसं ओळखून ठेवत. कोणाला बस लागणार, कोण रोज उशीर करणार, कोण प्रत्येक राजवाड्यात ‘आमच्याकडं याहून मोठा आहे’ म्हणणार. या खेपेला हे शेवटचं काम एका निवृत्त बँक मॅनेजरांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. सहाव्या रांगेतली बापलेक मात्र मास्तरांना उमगली नव्हती. मुलगी हॉस्पिटलात नर्स होती, पस्तिशीची, मोजकं बोलणारी. तिचे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. बोटं जाड, नखांच्या कडेला कितीही धुतली तरी न जाणारी काळी रेघ. कुठं उतरलं की बाबा आधी दरवाजा बघत. बिजागरी, कडी, कोयंडा. महाल नंतर.

तिसऱ्या दिवशी किल्ला होता. ही मास्तरांची खास जागा. मागच्या तटावर, बुरुजाच्या सावलीत सगळ्यांना गोळा करून ते आधी थोडं थांबत, मग आवाज खाली आणत.

“एकोणीस दिवस वेढा पडला होता. शत्रूच्या तोफा थकल्या, पण भिंत हलली नाही. आणि विसाव्या दिवशी पहाटे बघतात तर काय? हा मागचा दरवाजा सताड उघडा! फोडलेला नाही, तोडलेला नाही. किल्लीनं उघडलेला. आता मला सांगा, किल्ली कोणाकडं असेल?”

एकतीस माणसं श्वास रोखून उभी. मास्तरांनी हात लांब करून तटाखालच्या वस्तीकडं बोट दाखवलं.

“ते कौलारू घर दिसतंय? निळ्या खिडकीचं? ते किल्लीवाल्यांचं घर. किल्ल्याची कुलपं पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी बनवली, आणि त्यांच्याच एकानं ती उघडून दिली.”

खटाखट फोटो निघाले. “असल्या माणसांमुळंच वाटोळं होतं बघा,” मॅनेजरसाहेब म्हणाले. एका बाईंनी त्या घराकडं बघून नाक मुरडलं, जणू तिथं अजून तोच माणूस दाराशी बसलाय.

तेव्हा पहिल्यांदा बाबांनी तोंड उघडलं. “मास्तर, त्या माणसाचं नाव काय होतं?”

“नाव?” मास्तरांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “असल्यांची नावं कोणी ठेवतं का, बाबा? पुसून टाकतात!”

लोकांना हे वाक्य आवडलं. दोघांतिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाबांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, “बरोबर आहे.”

पाचव्या दिवशी बस घाट चढून थंड हवेच्या ठिकाणी पोचली. हॉटेलच्या व्हरांड्यात सामान उतरवताना मॅनेजरसाहेबांच्या मोठ्या बॅगेचं कुलूप अडकलं. किल्ली आत फिरेना, बाहेर निघेना. औषधं आत, आणि साहेबांचा चेहरा पडलेला. बाबा पुढं झाले, मुलीच्या केसांतली पिन मागून घेतली, कुलपाला कान लावला आणि चहाचा एक घोट घ्यावा तेवढ्या वेळात ते उघडून दिलं.

मास्तरांना विनोद सुचला की तो गिळता येत नसे. “अरे बापरे! आपल्या बसमध्येच किल्लीवाले निघाले की! आज रात्री सगळ्यांनी आपापल्या दारांना आतून खुर्च्या लावा हं!”

व्हरांडा हसण्यानं दणाणला. बाबाही हसले. ओठ हलले तेवढेच. मुलगी हसली नाही. तिनं पिन परत केसांत खोचली आणि मास्तरांकडं असं बघितलं, की त्यांचं हसू अर्ध्यावरच थिजलं.

संध्याकाळी सगळे दरीच्या कठड्याशी सूर्यास्त बघायला गेले. धुक्यानं सूर्यच गिळलेला, त्यामुळं मंडळी मक्याच्या कणसांकडं वळली. नर्स सरळ मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

“किल्लीवाल्यांची गोष्ट तुम्ही कुठं वाचलीत?”

“जुन्या कागदांत.”

“कुठल्या? मी सगळे धुंडाळलेत. दोन ग्रंथालयं, शिवाय जुन्या दप्तरांची कचेरी. सुट्ट्या काढून बसलेय तिथं. किल्ल्यातलं पाणी संपलं आणि आतल्या लोकांनी स्वतःहून दार उघडून शरणागती पत्करली, एवढंच आहे सगळीकडं. किल्लीवाल्याचं एक अक्षर नाही. बाबांना सांगितलं तरी त्यांना ते पटत नाही.” तिचा आवाज चढला नव्हता, पेशंटला गोळीची वेळ सांगावी तसा सपाट होता. “ते निळ्या खिडकीचं घर आमचं होतं.”

मास्तर कठड्याला टेकले.

“मी बारा वर्षांची असताना तटावर माणसं दिसायला लागली. आम्हाला खाली आवाज यायचा नाही. फक्त हात दिसायचे, आमच्याकडं रोखलेले. आधी आम्ही उलटे हात हलवायचो, वाटायचं टाटा करतायत. मग शाळेच्या गॅदरिंगला किल्ल्याचं नाटक बसवलं. बाई म्हणाल्या, फितुराची बायको तूच हो, तुमच्याच घरातलं आहे. पुढं गल्लीच्या तोंडाला ‘फितुराचं घर’ असा बोर्ड लागला, बाण काढून. लोक बाबांकडं कुलूप दुरुस्तीला टाकेनात. म्हणायचे, यांच्या हातात किल्ली कशी द्यायची? थट्टाच करायचे. पण थट्टा चौदा वर्षं चालली तर माणूस कुठं जाणार? नऊ वर्षांपूर्वी घर सोडलं. बाबांना एकदा ते बघायचं होतं. टूरमधून गेलं की कोणाच्या दारात जावं लागत नाही, कोणी ओळखत नाही, म्हणून असे आलो. कोणी सुरू केली ही गोष्ट?”

खरं बोलायची वेळ हीच होती. मास्तर म्हणाले, “मला एका जुन्या गाईडनं सांगितली. ते आता हयात नाहीत.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि निघून गेली.

असा कोणी जुना गाईड नव्हता. तेवीस वर्षांपूर्वीची ती दुपार मास्तरांना लख्ख आठवत होती. कडक ऊन, पेंगुळलेली माणसं, एकजण तर चक्क तटाला टेकून घोरत होता. कोणीतरी जांभई देत विचारलं, ‘मग किल्ला पडला कसा?’ पाणी संपलं म्हणून पडला, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. तेवढ्यात खाली एका घरावर पाटीच्या जागी टांगलेली हातभर लांब लोखंडी किल्ली दिसली, आणि गोष्ट आपोआप तोंडात आली. घोरणारा माणूससुद्धा उठून बसला. दुसऱ्या टूरला त्यांनी ती थोडी सजवली. वर्षभरात बाकीच्या गाईडांनी उचलली. पुढं त्यांना स्वतःलाही ती कुठंतरी वाचल्यासारखी वाटू लागली. त्या घरात माणसं राहतात, हे त्यांना माहीत होतं. धुणं वाळत घातलेलं दिसायचं की! पण धुण्याकडं बघून कोणी गोष्ट थांबवतं का?

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मास्तर कोपऱ्यातल्या टेबलाशी सगळ्यांकडं पाठ करून बसले. समोर चहा गार होत होता. बाबा काठी टेकत आले आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

“मास्तर, रागावू नका. मुलगी काल तुम्हाला काही बोलली वाटतं. सांगत नाही, पण मला तिचा चेहरा कळतो.” त्यांनी हात जोडायला घेतले. “तिचं मनावर घेऊ नका. तुम्ही शिकलेली माणसं, आहे तेच सांगणार. आमच्या घराण्याकडून झालं ते झालं. ऐकायला आम्ही राहणारच. मला तर वाटतं, ऐकायलाच पाहिजे.”

मास्तरांनी ते जोडलेले हात धरले आणि खाली टेबलावर दाबले. त्यांना ते बघवेना.

“बाबा, तसं काही झालेलं नाही.”

“काय झालं नाही?”

“फितुरीनं कोणी दार उघडून दिलं नाही. तुमच्या घराण्यात फितूर कोणी नव्हता. ती गोष्ट मी रचली. माझ्या डोक्यातून. लोक कंटाळले होते म्हणून.”

बाबांना ते कळायला वेळ लागला. खणखणीत आवाजाच्या माणसाचा आवाज आज शेजारच्या टेबलापर्यंतही जात नव्हता, म्हणून असेल. नर्स ताटली घेऊन मागं येऊन उभी होती, हे मास्तरांना नंतर दिसलं.

“कधी रचली?” बाबांनी विचारलं.

“तेवीस वर्षं झाली.”

बाबा बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, “मला वाटायचं, खरंच असेल. माझ्या आजोबांनी मला सांगितलं होतं की आपली कुलपं कधी कोणाला फुटली नाहीत. मी म्हटलं, म्हाताऱ्यानं लाजेपोटी खोटं सांगितलं असणार. शिकलेला माणूस इतक्या लोकांसमोर सांगतोय, बोर्डावर लिहिलंय, म्हणजे आजोबाच खोटे. ती मोठी किल्ली घरावर टांगून ठेवायची मला शरम वाटायला लागली. मी ती भट्टीत घातली. चार पिढ्यांची किल्ली. बिजागऱ्या केल्या तिच्या आणि विकून टाकल्या.”

माफी मागायचं मास्तर रात्रभर घोकत होते, पण आता तो शब्द उच्चारणं हीच लबाडी वाटायला लागली.

बाबा कोणाला तरी विचारावं तसं म्हणाले, “म्हणजे मी उगीच?” आणि उठले. खुर्ची नीट टेबलाखाली सारली, आणि काठी न टेकता दोन पावलं चालले. मग मुलीनं त्यांना धरलं.

ती वळून मास्तरांना म्हणाली, “एकट्याला सांगून काय उपयोग? तिथं एकतीस जण होते. माईकवर सांगा.”

घाट उतरताना मास्तरांनी माईक हातात घेतला. रोज या वळणांवर ते विनोद सांगत, म्हणून मंडळी आधीच हसऱ्या तोंडानं सरसावून बसली. तिसऱ्या दिवशी सांगितलेली किल्लीवाल्यांची गोष्ट खोटी होती, आपणच ती जुळवली होती, किल्ला पाण्यावाचून पडला, आणि ते घर ज्यांचं होतं ती माणसं याच बसमध्ये बसली आहेत, एवढं सांगायला त्यांना तीन वळणं लागली. माईकमधून त्यांना स्वतःचाच श्वास ऐकू येत होता.

ड्रायव्हरनं गाण्यांचा आवाज आधीच बंद केला होता. मग मागून कोणीतरी समजूत घातली, “जाऊ द्या हो मास्तर! गोष्ट मात्र झकास होती.”

शिवी ऐकली असती तर बरं, असं मास्तरांना झालं. मॅनेजरसाहेब मात्र जागेवरून उठले, डुलत्या बसमध्ये सीटा धरत सहाव्या रांगेपर्यंत गेले आणि बाबांपुढं वाकून काहीतरी बोलले. बाबांनी त्यांचा हात थोपटला. मास्तरांकडं त्यांनी उरलेल्या दोन दिवसांत एकदाही बघितलं नाही. शेवटच्या थांब्यावर मास्तर त्यांची बॅग उचलायला धावले, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “राहू द्या.” आणि ती स्वतःच उचलून नेली.

त्यानंतरच्या महिन्यात मास्तर सुट्टी काढून त्या शहरात गेले. बाकीच्या गाईडांना चहावर बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. ते हसले. एक म्हणाला, “मास्तर, तुम्ही रचली असेल, पण आता ती आमची झाली ना! लोक तीच मागतात.” गल्लीच्या तोंडाच्या बोर्डासाठी तीन कचेऱ्यांत अर्ज दिले. प्रत्येक ठिकाणी विचारलं, ‘गोष्ट खोटी असल्याचा पुरावा काय?’ मास्तर म्हणत, ‘मीच पुरावा.’ त्यावर कारकून त्यांच्याकडं कीव करावी तसा बघे. शेवटी किल्ल्याचं नाटक बसवणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं तेवढं मुलांसमोर बोलू दिलं. पोरांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी एकानं विचारलं, “मग तुम्हाला शिक्षा कोणी केली?”

टूर सुरूच राहिल्या, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं. तटावर आता ते पाण्याच्या टाक्याशी उभे राहून एकोणीस दिवसांचं मोजमाप सांगत. रोज माणशी किती तांबे पाणी, मग किती पेले, मग किती घोट. लोक घड्याळ बघत. पलीकडच्या बुरुजावर दुसरा गाईड हात लांब करून खाली दाखवत असे, आणि मास्तरांच्या घोळक्यातले दोघंचौघं हळूच तिकडं सरकत.

एकदा अशाच टूरमध्ये एक म्हाताऱ्या बाई तिकडची गोष्ट ऐकून परत आल्या. मास्तरांनी त्यांना ती खोटी असल्याचं सांगितलं. बाईंनी तटावरून वाकून बराच वेळ ते घर न्याहाळलं. निळा रंग उडाला होता, खिडकीला फळी ठोकली होती.

“मग ती माणसं कुठं गेली हो?”

“गेली,” मास्तर म्हणाले. “माझ्यामुळं गेली.”

बाईंनी दचकून त्यांच्याकडं बघितलं. मास्तरांनी मान वळवली नाही.