ऑर्व्हिलशी कुणी बोलायचं नाही

ऑर्व्हिल टॅकेट बाकाच्या टोकाला एकटा बसला होता आणि त्याच्या आसपास कुणी फिरकत नव्हतं. बेसबॉलच्या या सामन्यात आठ डाव त्याने चेंडू फेकले होते, समोरच्यांना एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, मिळाली नव्हती. चेंडू फेकणारा पिचर असा रंगात आला की त्याच्याशी बोलायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याची खैर नसते. शेवटच्या, नवव्या डावातही हिट दिली नाही, तर सगळं आयुष्य छोट्या गावांच्या संघांत काढलेल्या ऑर्व्हिलचं नाव आज इतिहासात जाणार होतं.

जाणार होतं कसलं! आठव्या डावात ऑर्व्हिलच्या संघाने सामन्यातली एकुलती एक धाव काढली, तेव्हाच्या आरड्याओरड्यात अधिकृत स्कोअररने आपलं मत बदललं. मघाशी शॉर्टस्टॉप या जागेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू त्याने आधी क्षेत्ररक्षकाची चूक धरला होता, आता म्हणे ती हिट! फलकावर हिटच्या रकान्यातल्या शून्याचा एक झाला. ऑर्व्हिल सामना संपेपर्यंत फलकाकडे बघायचा नाही, त्याला तो अपशकुन वाटायचा.

त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचर एमेट स्लोकमने मात्र पाहिलं. ऑर्व्हिलचं कोपर केव्हाच सुजलं होतं. केवळ विक्रमापायी गडी दात आवळून फेकत होता.

"मी सांगतो त्याला," एमेट उठला.

मॅनेजर हॅस्केलने त्याला पट्ट्याला धरून खाली बसवलं. "गप बस! कळलं तर तो फेकणंच सोडून देईल. दुसरा पिचर आहे का माझ्याकडे धड? तीनच बाद करायचेत."

"त्याचं कोपर जाईल, बॉस."

"बर्फ लावू की! आधी जिंकू दे."

एमेट बसला. खरं सांगायचं तर जिंकायचं त्यालाही होतं.

नवव्या डावात ऑर्व्हिलच्या चेंडूत वेग उरला नव्हता. म्हणून एमेट बोटांनी खुणावून वळणारा चेंडूच मागत राहिला, आणि कोपराची वाट लावतो तो नेमका तोच. पहिला फलंदाज बाद झाला, दुसराही झाला. ज्यांनी फलक पाहिला होता ते प्रेक्षकही नियम पाळून चिडीचूप. ऑर्व्हिलला वाटलं, सगळ्यांनी श्वास रोखलाय.

पुढचा चेंडू अर्ध्यातच मातीत पडला. ऑर्व्हिलचा चेहरा पांढराफटक पडला होता. एमेटला राहवेना. हॅस्केल ओरडत असतानाच खेळ थांबवून तो धावत पिचरपाशी गेला.

"ऑर्व्ही, पुरे कर. ती शॉर्टस्टॉपची चूक... हिट दिलीय रे त्यांनी."

ऑर्व्हिल त्याच्याकडे बघतच राहिला. "कधी?"

"आठव्यात."

"म्हणजे हा अख्खा डाव तुला माहीत होतं?"

एमेटने मान खाली घातली.

"आणि तरी वळणारा मागत होतास?"

एमेटने चेंडूसाठी हात पुढे केला. ऑर्व्हिल द्यायला गेला, पण त्याची बोटं उघडेनात. एमेटला ती एकेक करून सोडवावी लागली.